समई आरशासारखी करायची आहे, पण चरे जात नाहीत

समईवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. लिहायची वेळ आज पहिल्यांदाच आली, तीही माती खाल्ल्यामुळे.

राजापूरच्या घरून आजीच्या दोन पितळी समया पुण्याला आणल्यात. अडीच फूट उंच, पाच वातींच्या, वर हंस. दोन्हींवर तेल-काजळीचं इतकं जाड पुट की पितळ कुठे संपतं आणि घाण कुठे सुरू होते ते कळेना. मामेबहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय आणि समया मी आणणार असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय.

उत्साहाच्या भरात भावाच्या ड्रिलला ८० नंबरच्या पॉलिश पेपरची चकती लावली आणि एका समईची बैठक घासली. काळं गेलं, पितळ दिसलं, मी खूश. पण आता सगळ्या बैठकीवर गोल गोल चरे आहेत, मांजराने ओरबाडल्यासारखे. बाटलीतलं पॉलिश लावून दोन तास घासलं, तर चमक आली पण चरेही चमकायला लागले! आधी निदान काळ्यात लपले होते.

हे निस्तरता येईल का? की समई आता भिंतीकडे तोंड करून ठेवू?

---

खादाड_बोका

गोल समईचं तोंड कुठे असतं ते आधी सांगा. (वाचतोय. माझ्याकडे घंगाळ आहे.)

---

भोसरीचा_डायमेकर

ताई, निस्तरता येईल. बैठक जाड असते, ८० ने पत्रा फाटलेला नाही. फक्त वेळ द्यावा लागेल.

बावीस वर्षं टूलरूममध्ये प्लॅस्टिकच्या साच्यांना आरसा-पॉलिश करतोय. नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो की चमक शेवटच्या पेस्टमध्ये शोधू नकोस. पेस्टला फक्त आपल्याच मापाचे ओरखडे काढता येतात. ८० च्या पेपरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा असतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). त्याने पाडलेल्या नांगरटीवर तुम्ही बाटलीतलं पॉलिश फिरवलंत. त्या बिचाऱ्याने नांगरटीच्या दोन्ही बाजूंचे बांध घासून चकचकीत केले, खड्डे तसेच राहिले. म्हणून चरे जास्त उठून दिसतात.

उजेडाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. चरे त्याच्या खाली जाऊ लागले की उजेड विखुरत नाही, सरळ परततो. त्यालाच आपण आरसा म्हणतो. २०० पासून तिथपर्यंत उडी मारता येत नाही, पायऱ्या उतराव्या लागतात. २२० चा कण ६८ मायक्रॉन, ४०० चा ३५, १००० चा १८, २००० चा १०. (हे 'पी' छापलेल्या पेपरचे आकडे. 'पी' नसेल तर कदाचित दुसऱ्या पद्धतीचा नंबर असेल. त्या पद्धतीतला ६०० म्हणजे जवळजवळ पी १२००. दोन्ही प्रकार मिसळलेत तर डोकं फिरेल, तेव्हा सगळे पेपर एकाच जातीचे घ्या.)

तुमच्यासाठी १५०, २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. काळा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, हाताने. ड्रिल भावाला परत द्या.

आता खरी मेख. प्रत्येक पेपरला दिशा बदला. १५० आडवा मारलात तर २२० उभा मारा, आणि आडवा एकही चरा दिसत नाही तोपर्यंत ३२० ला हात लावू नका. चरे गेले असं वाटलं की पुसा, कोरडं करा, खिडकीपाशी तिरपं धरून बघा. पाण्याखाली सगळंच गुळगुळीत दिसतं. माणसं फसतात ती इथेच. १५० ला तासभर जाईल, पण १००० ला पाच मिनिटं पुरतात. ज्याचं उलटं होतं, म्हणजे खालच्या नंबरांना पाच मिनिटं आणि वर तासनतास, त्याने खालची पायरी चुकवलेली असते.

---

रसायनवाल्या_बाई

डायमेकरांना +१, पण त्यांनी सुरुवात मधूनच केली. पेपर लावण्याआधी तेल काढा. नाहीतर पेपर दोन मिनिटांत भरतो आणि घासण्याऐवजी सरकतो.

समया बहुधा आट्यांच्या असतात, तुकडे सोडवा. आटे जाम असतील तर पकडीने पिळू नका, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा. मग कडक पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. जुनं जळकं तेल सोड्याने साबणासारखं होऊन निघतं. हातमोजे घाला. आणि कोणी अॅल्युमिनियमचं काही त्याच पाण्यात टाकू नका, सोडा ते खातो.

चिंचेबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. चिंच, लिंबू, आमसुलाचं पाणी यांतलं आम्ल ऑक्साइडचा काळा थर विरघळवतं. चर्‍यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि चिंच लावून 'मुरू दे जरा' म्हणून दुपारची झोप काढायची नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जस्त आधी निघून जातं, तांबं मागे राहतं, आणि पितळेवर गुलाबी डाग पडतात. ते डाग पुन्हा चिंच लावून जात नाहीत, घासूनच काढावे लागतात. पाच मिनिटं, स्वच्छ धुणं, लगेच कोरडं करणं. पाण्याचे थेंब वाळू दिलेत तर त्यांचेही ठिपके उठतात.

---

समईवाली

बाई, गुलाबी डाग! दुसऱ्या समईच्या तबकडीवर आहेत. मला वाटलं आजीच्या वेळेपासूनचं कुंकू असेल. मागच्या दिवाळीत मीच चिंच लावून विसरले होते.

---

बुलेटवाला_सातारा

मध्येच घुसतो, माफ करा. हाच प्रकार इंजिनाच्या कव्हरवर करता येईल का? ८७ सालची गाडी, अॅल्युमिनियमची कव्हरं पांढुरकी पडलीत. आणि सायलेन्सरचं क्रोमही ठिपकाळलंय, तेही याच पेपरने काढू ना?

---

भोसरीचा_डायमेकर

क्रोमला पेपर लावू नका!! वरचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनएवढंसुद्धा नसतं, खाली निकेल असतं. २००० चा पेपरही चार हातांत क्रोम पार करून निकेलवर पोचेल आणि पिवळसर झाक दिसेल. गंजाचे ठिपके अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, मग मेण. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. ठिपक्यांच्या जागी आधीच भोकं पडली असतील तर ती भरत नाहीत. पुन्हा प्लेटिंग करणं हाच इलाज.

कव्हरं चालतील. अॅल्युमिनियम मऊ, पेपरमध्ये भरतं आणि त्याच गोळ्या उलट चरे पाडतात. म्हणून पेपर सतत ओला ठेवा, साबणपाणी किंवा रॉकेल. ४०० पासून सुरू करा. कव्हरावर पारदर्शक लॅकर (वार्निशसारखा थर) असेल तर आधी ते उतरवावं लागेल, नाहीतर पेपर लॅकरच घासत बसेल.

---

बुलेटवाला_सातारा

वाचलो. पेपर हातातच होता.

---

तांबटाची_नात

कसबा पेठेतल्या तांबट आळीत वाढले. आता तिथे राहत नाही, पण ठोक्यांचा आवाज कानात आहे. धागाकर्तीला एक विचारायचंय. आरसाच का हवा?

आमच्याकडे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम असतं, हातोडीचे एकसारखे ठोके. त्या भांड्याला चमक बफने, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकाने, आलेली नसते. हातोडीचं तोंडच आरशासारखं घासलेलं असतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तो आरसा भांड्यावर उमटतो. हातोडीवर एक चरा असेल तर भांड्यावर शेकडो चरे. आजोबा हातोडी जमिनीवर ठेवू द्यायचे नाहीत, आम्हा पोरांना हात लावायची तर बातच नको. आता लोक तसलं भांडं आणतात आणि 'चमकव' म्हणून चाकावर देतात. ठोक्यांच्या कडा मोडतात आणि भांडं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होऊन परत येतं.

समईवरही हंसाचे पंख, खांबावरच्या रेघा, कमळाच्या पाकळ्या असतील. तिथे पेपर घालू नका. खोलगट जागी थोडं काळं राहू दे. उंच भाग उजळ आणि खाच गडद असली तरच नक्षी दिसते. देव्हाऱ्यातल्या मूर्तींचं बघा, दर सणाला घासून घासून नाक-डोळे गेलेले असतात.

दुसरं, 'घंगाळ आहे' म्हणणाऱ्या बोक्यासाठी. घंगाळ बाहेरून घासा. पण स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई असेल तर आत चमकवायचं नाही. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, चमकवता चमकवता निघून जातो आणि मग आंबटाची आमटी त्यात उकळली की तांबं उतरतं. थर गेलाच असेल तर कल्हईवाला शोधा.

---

खादाड_बोका

घंगाळात आमटी करत नाही. सध्या त्यात कांदे आहेत.

---

नाणेघाटी

तांबटाच्या नातीला १०० वेळा +१. आणि हात जोडून विनंती, हा धागा वाचून कोणी शिवराई नाणी घासायला घेऊ नका. जुन्या तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी-हिरवट थर म्हणजे त्याचं कातडं. पेपर, चिंच, पॉलिश काहीही लावलं की अक्षरांच्या कडा जातात आणि संग्राहक त्या नाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. नळाखाली धूळ धुवायची, टिपायची, बस.

---

कुर्ला_वर्कशॉप

सगळे हाताने हाताने करताहेत. अहो, तीन आठवड्यांत लग्न आहे. ४०० पर्यंत हाताने आणा, पुढचं बफवर अर्ध्या तासात होतं. सहा इंची कापडी बफ, २८०० फेऱ्यांची मोटर. कडेचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास येतो, पितळेला पुरेसा. आधी शिवलेला घट्ट बफ आणि तपकिरी मसाल्याची वडी, म्हणजे ट्रिपोली. तो कापतो. मग तुकडा धुवायचा, आणि दुसऱ्या सुट्या मऊ बफवर पांढरी किंवा लाल वडी, ती ओप देते. हिरवी स्टेनलेससाठी. एका बफवर एकच वडी, जन्मभर. तपकिरीच्या बफवर लाल लावलीत तर दोन्ही वाया.

मसाला थोडाच. बफ काळा तुळतुळीत झाला आणि कामावर काळे पट्टे उठायला लागले की मसाला जास्त झालाय. जुन्या करवतीचं पातं बफवर धरून तो खरवडा.

आणि दाबू नका, बफला काम करू द्या. दाबलं की धातू तापतो, मऊ पितळेवर लाटा येतात, भोकांच्या कडा ओघळल्यासारख्या दिसतात.

---

भोसरीचा_डायमेकर

कुर्लाकर बरोबर आहेत, पण नवख्या माणसाला बफ देताना दोन गोष्टी आधी सांगा राव.

काम नेहमी चाकाच्या मधल्या रेषेच्या खाली धरायचं. कड चाकाच्या वरच्या अंगाला लागली तर चाक तुकडा हातातून हिसकावून घेतं आणि तुमच्याच अंगावर नाहीतर जमिनीवर फेकतं. समईचा हंस म्हणजे तर नुसत्या चोची आणि शेपट्या, अडकायला जन्मलेला. तो हातानेच करा.

ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस, लांब बाही, काही नको. सुती हातमोजेसुद्धा चाकापाशी नकोत, धागा अडकला की हात आत जातो. चष्मा आणि मास्क हवाच. ट्रिपोलीत सिलिका असते आणि कातकामाच्या पितळेत बऱ्याचदा दोन-तीन टक्के शिसं. तीच धूळ नाकात जाते. ओल्या पेपरने काम केलंत तर धूळ उडतच नाही, हाही हाताच्या कामाचा फायदा. तरी जेवायच्या आधी हात नीट धुवा.

आणि बुलेटवाले, ज्या ग्राइंडरवर लोखंडाच्या ठिणग्या उडतात तिथे अॅल्युमिनियमची भुकटी साठू देऊ नका. गंजाची पूड आणि अॅल्युमिनियमची पूड एकत्र आली की ठिणगीला निमित्तच हवं असतं. अँगल ग्राइंडरला कापडी बफ लावायची आयडिया तर डोक्यातूनच काढा. ११,००० फेऱ्यांना तो बफ टिकत नाही.

---

कुर्ला_वर्कशॉप

मान्य. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्याच वरच्या अंगाने गेलंय, १९९८. लिहायला हवं होतं.

---

समईवाली

आठ दिवसांनी अपडेट देतेय. सोड्याने धुतल्यावर कळलं की एका समईच्या खांबावर रेघांची छान नक्षी आहे, इतकी वर्षं कोणाला माहीतच नव्हतं! बाबा पंधरा मिनिटं बघत बसले.

बैठक १५०, २२०, ४००, ६०० अशी केली. छान मंद, सॅटिनसारखी झाली होती. मग १००० मारल्यावर अचानक दोन-तीन लांब खोल चरे दिसायला लागले. आधी नव्हते, शपथेवर सांगते. १००० चा पेपर ६०० पेक्षा खडबडीत कसा असेल?

---

भोसरीचा_डायमेकर

दोन शक्यता. तुम्ही ३२० गाळलात. १५०-२२० चे काही चरे तळाशी राहिलेच होते, ६०० च्या धुरकट पृष्ठात दिसत नव्हते, बाकीचं साफ झाल्यावर उघडे पडले. पण ते सहसा घोळक्याने असतात. दोन-तीनच आणि लांब असतील तर एखादा जाडा कण आलाय. पाण्याची बादली तीच वापरताय का? फडकं तेच?

---

समईवाली

बादली तीच. फडकंही तेच. टेबलही तेच. 🙈

---

भोसरीचा_डायमेकर

मग झालं. प्रत्येक नंबरानंतर पाणी बदला, तुकडा धुवा, हात धुवा, नखांच्या कडासुद्धा. फडकं नवीन. आमच्याकडे हिऱ्याच्या पेस्टचं काम असतं, १५ मायक्रॉन, मग ६, मग ३, मग १. प्रत्येकाची लाकडी काडी वेगळी, डबा वेगळा, आणि १५ वाला माणूस ३ वाल्याच्या टेबलाला टेकतसुद्धा नाही. एक कण दिवसाचं काम घालवतो.

तुम्ही मागे ४०० ला या. १००० वर रेटून ते चरे काढायला गेलात तर त्या जागी खळगा पडेल. आणि बैठकीचा जो भाग सपाट असेल तिथे पेपर बोटांनी धरू नका, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. बोटांमध्ये फटी असतात, त्यांच्या लाटा उमटतात. तपासायचं असेल तर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. सरळ दिसली तर सपाट, गांडुळासारखी वळवळली तर लाटा. चमक कितीही असो, लाटा लपत नाहीत.

---

मु_पो_मिशिगन

इथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून पितळी समजून दिव्याचा स्टँड आणला. चार दिवस घासतोय, काहीच फरक पडत नाही. नंतर कळलं की वर कारखान्यातलं लॅकर आहे. अॅसिटोनने पुसल्यावर ते निघालं आणि खालून छान पितळ आलं. नवीन शोभेच्या वस्तूंना हल्ली तिकडेही लॅकर असतं असं ऐकतो, तेव्हा आधी कोपऱ्यात तपासा. लोहचुंबकही लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. पेपर लावलात तर फसाल.

---

रसायनवाल्या_बाई

समईला मात्र घरी लॅकर मारू नका. वाती जळतात, तेल गरम होतं, लॅकर पिवळं पडून पापुद्रे सुटतात. मेणाचा हलका हात पुरे, तोही बैठकीला आणि खांबाला. वातींच्या तबकडीला काहीच नको. ती काळी होणारच, तिचं कामच ते.

---

समईवाली

लग्नाला चार दिवस राहिलेत. पहिली समई झाली. या वेळी गाळलेल्या ३२० पासूनच परत उतरले, आणि बादलीत दर वेळी नवीन पाणी. २००० नंतर बाटलीतलं पॉलिश मऊ फ्लॅनेलवर घेतलं आणि दहा मिनिटांत बैठकीत माझा चेहरा दिसला, चष्म्याच्या दांडीसकट. सुरुवातीला याच बाटलीने दोन तास घासलं होतं! हंस फक्त धुतला आणि उंच भागांवर फडकं फिरवलं. पंखांच्या खाचा काळ्या ठेवल्यात. नातबाई, तुमचं पटलं.

दुसऱ्या समईला पेपर लावलाच नाही. सोड्याने धुतली, गुलाबी डागांपुरतं पॉलिश लावून घासलं आणि तशीच ठेवली. जोडी शोभत नाही असं आईचं म्हणणं. मला दोन्ही आवडतात, पण लग्नात दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या म्हणजे मावशीची टिप्पणी नक्की.

आता मेण लावायला बसणार होते, तेवढ्यात आई आली, 'बघू गं' म्हणत बैठक दोन्ही हातांनी उचलली आणि दहाच्या दहा बोटं उमटली.

---

रसायनवाल्या_बाई

मेण आत्ता लावू नका! हाताच्या घामातलं मीठ खाली कोंडलं तर महिन्याभरात तेच ठसे तपकिरी होऊन वर येतील. कोमट साबणपाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, मग मेण. आणि यापुढे उचलायला सुती मोजे. चाक फिरत नाहीये, आता चालतील.

---

खादाड_बोका

कांदे दुसरीकडे ठेवले. १५० चा पेपर कुठल्या दुकानात मिळतो, हार्डवेअर की रंगवाला?

---

कुर्ला_वर्कशॉप

रंगवाला. काळा, ओला वापरायचा, असं सांगा. आणि बोकोबा, घंगाळ ठोक्यांचं आहे का ते आधी बघा.